तळाच्या ओळीचा ताप

संध्याकाळचे साडेसात. रिपोर्ट तयार आहे, बॉसचं ओके मिळालंय, सकाळी दहाला स्पायरल केलेली कॉपी क्लायंटच्या हातात पडायचीय. मनाने तुम्ही केव्हाच घरी पोचलात. जाता जाता शेवटची नजर टाकावी म्हणून पानं सरकवता आणि... हे काय? उभ्या पानांवर उजव्या कोपऱ्यात शहाण्यासारखा बसलेला पान नंबर, मोठ्या तक्त्यासाठी आडव्या केलेल्या पानावर मात्र अधांतरी लटकतोय!

मग तुम्ही तेच करता, जे आपण सगळे करतो. स्पेसबार दाबत सुटता.

मीही केलंय. पहिल्या नोकरीत एका रात्री स्पेस मोजून मोजून मी फूटर 'सरळ' केला. सकाळी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढली. त्यावर माझा फॉन्टच नव्हता. त्याच्या जागी दुसरा आला, स्पेसची रुंदी बदलली आणि नंबर घसरून खालच्या ओळीवर गेला. क्लायंटने पानं चाळली आणि इतकंच विचारलं, 'घाईत केलंय का?' तीन आठवड्यांची मेहनत त्या एका प्रश्नात गेली. आकड्यांकडे नंतर कुणी त्याच विश्वासाने बघितलंच नाही.

खरं तर गडबड साधी असते. वर्डच्या फूटरमध्ये दोन टॅब आधीच ठरलेले असतात, एक मधला आणि एक उजवा. लेटर साइजच्या टेम्प्लेटमध्ये ते डाव्या मार्जिनपासून ३.२५ आणि ६.५ इंचांवर असतात. तुम्ही पान आडवं करा, बाइंडिंगसाठी मार्जिन वाढवा, हे टॅब जागचे हलत नाहीत. एक-एक इंच मार्जिनच्या आडव्या ए-फोर पानावर मजकुराची रुंदी जवळजवळ ९.७ इंच होते. ६.५ वर थांबलेला नंबर मग कोपऱ्यापासून तीन इंचांहून जास्त लांब राहणारच!

यावरचा उपाय वर्ड २००७ पासून हाताशी आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष जात नाही. त्याचं नाव अलाइनमेंट टॅब. साधा टॅब इंच मोजतो, हा मार्जिन बघतो. करायचं असं:

• फूटरवर डबल क्लिक करा. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा. ठिपके दिसले तर ते स्पेस, बाण दिसले तर ते टॅब. नंबर सरकवण्यासाठी भरलेले ठिपके आणि बाण, सगळे उडवा.

• कर्सर पान नंबरच्या आधी ठेवा. वर 'हेडर अँड फूटर'मध्ये (जुन्या व्हर्जनमध्ये 'डिझाइन'मध्ये) 'पोझिशन' गट आहे, तिथे 'इन्सर्ट अलाइनमेंट टॅब' निवडा.

• 'राइट' आणि 'मार्जिन' निवडून ओके करा. मधे तारीख हवी असेल तर तिच्या आधी असाच 'सेंटर' टाका.

झालं! आता पान उभं असो वा आडवं, नंबर कोपऱ्यातच बसणार. आडव्या पानासाठी वेगळा फूटर करायची आणि त्यासाठी 'लिंक टू प्रीव्हियस' तोडायचीही गरज नाही. उलट कुणी आधीच तोडलं असेल तर ते पुन्हा चालू करा, म्हणजे एकच फूटर सगळीकडे चालेल.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रिंटला फाइल वर्डमध्ये नको, पीडीएफ करून पाठवा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर फॉन्टचा घोळ होणार नाही.

आणि हे सगळं एकदा ऑफिसच्या टेम्प्लेटमध्येच करून ठेवा. कारण रात्री फूटर सरळ करत बसतो तो बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात ज्युनियर असतो. काल ते तुम्ही होतात. उद्या जो असेल, त्याला तरी वेळेवर लोकल मिळू दे!