लाल भरती कुणामुळे आली? चिलोए बेटावरचा वाद आणि आपल्या तिसऱ्या



मध्यंतरी खाडीकाठच्या एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. विषय कर्जाच्या हप्त्यांचा होता, पण बोलणं वळलं समुद्राकडे. त्या आठवड्यात रात्रीच्या लाटा निळ्या चमकत होत्या. एक काकी म्हणाल्या, "हे आम्ही लहानपणापासून बघतोय, त्यात घाबरायचं काय?" त्यांच्या शेजारची सून म्हणाली, "नाही हो, घाण पाणी सोडतात ना समुद्रात, त्याचंच आहे हे." दोघींची चांगलीच जुंपली. तेवढ्यात मागे बसलेल्या एका ताईने विचारलं, "कुणामुळे का होईना, उद्या ओहोटीला तिसऱ्या काढायला जायचं की नाही, तेवढं सांगा."

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. मग माहिती काढली, तेव्हा कळलं की हाच वाद दूरच्या एका बेटावर इतका पेटला होता की रस्ते बंद पडले. म्हणून आज त्या बेटाची गोष्ट सांगतो, आणि शेवटी त्या ताईच्या प्रश्नाकडे परत येतो.

आधी हे शैवाल म्हणजे काय ते बघू. दगडावर पाय घसरतो ते शेवाळ आपल्याला माहीत आहे. समुद्राच्या पाण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे, एकेका पेशीचे भाऊबंद असतात. ते बहुतेक उपकारीच. लहान मासे, कोळंबी, शिंपले यांचं पोट त्यांच्यावर भरतं. पण ऊन, पाण्याची ऊब आणि पाण्यातलं खत यांचा मेळ जमला की एखादी जात एकदम बेसुमार वाढते. शेतात सगळीकडे एकच तण माजावं, तसं. कधी पाणी लाल, तपकिरी किंवा हिरवं दिसतं, म्हणून याला लाल भरती म्हणतात. काही थोड्या जाती विषारी असतात. तिसऱ्या, कालवं, शिणाणे हे दिवसभर पाणी गाळून खातात. पाण्यात विषारी जात असेल तर ते विष त्यांच्या अंगात साठतं. शिंपल्याला बहुधा काही होत नाही, खाणाऱ्याला होतं.

आता त्या बेटाकडे जाऊ. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा लांबच लांब, चिंचोळा देश आहे. त्याच्या दक्षिणेला चिलोए हे बेट. वस्ती दीड लाखाच्या वर. पाऊस भरपूर, घरं लाकडाची. तिथल्या बाया बटाटे लावतात, मेंढ्या पाळतात आणि ओहोटीला किनाऱ्यावर शिंपले नि समुद्री शेवाळ गोळा करतात. आपल्याकडे रायगडात पोपटी लावतात ना, तसा त्यांचा कुरांतो. खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर शिंपले, मांस, बटाटे, वरून मोठी पानं. म्हणजे शिंपला हा त्यांचा रोजगार आणि सणाचं जेवणही.

याच भागात गेल्या चाळीसेक वर्षांत साल्मन माशाच्या शेतीचा मोठा धंदा उभा राहिला. साल्मन म्हणजे आपला रावस नव्हे. हा थंड पाण्यातला मासा, मूळचा उत्तरेकडचा. तो चिलीत आणून समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवतात. साल्मनच्या उत्पादनात नॉर्वेनंतर चिलीचाच नंबर लागतो. बेटावरच्या कितीतरी घरांत एकीकडे किनाऱ्यावर शिंपले काढणारी आई आणि दुसरीकडे साल्मनच्या कारखान्यात पगारावर जाणारी मुलगी, असं असतं. वाद समजून घेताना हे लक्षात ठेवायला हवं.

२०१६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, एका जातीचं शैवाल पिंजऱ्यांच्या भागात माजलं. माणसाला त्याचा अपाय नाही, पण माशांचे कल्ले ते निकामी करतं. सुमारे ४० हजार टन साल्मन मेले. एवढे कुजणारे मासे ठेवायचे कुठे? बरेचसे जमिनीवर नेऊन त्यांची वाट लावली. पण ४,६०० टनांहून जास्त मासे सरकारी परवानगी घेऊन जहाजांनी बेटापासून सव्वाशे किलोमीटरहून दूर खोल समुद्रात टाकले.

मग एप्रिल उजाडला. आता दुसऱ्याच जातीचं शैवाल बेटाच्या किनाऱ्याला पोचलं. हे मात्र माणसाला घातक, शिंपल्यात विष साठवणारं. वाळूवर मेलेल्या शिंपल्यांचे खच पडले. सरकारने शिंपले काढण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. ती गरजेचीच होती. पण हातावर पोट असणाऱ्यांची चूल त्या दिवशी थंड झाली. मदत म्हणून सरकारने सुरुवातीला कुटुंबामागे जेवढी रक्कम देऊ केली, तिच्यात महिना निघणार नव्हता. मेच्या सुरुवातीला लोक रस्त्यावर उतरले. टायर पेटले, नाके अडवले गेले. मुख्य भूमीवरून येणाऱ्या गाड्या बोटीतूनच बेटावर येतात, त्या बोटींची वाटही अडली. पेट्रोल, भाजी, औषधं यांची टंचाई झाली, शाळा बंद राहिल्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे चाललं. अखेर सरकारने मदत वाढवली, हप्त्याहप्त्याने द्यायचं कबूल केलं, तेव्हा एकेका गावाने नाके सोडले.

पण पैशांपेक्षा मोठा वाद होता तो कारणाचा. लोक म्हणत होते, "आमचे आईबाप याच किनाऱ्यावर वाढले. लाल भरती आम्ही आधीही बघितली, पण एवढी नाही. मार्चमध्ये कुजके मासे टाकले आणि एप्रिलमध्ये समुद्र नासला. हे सरळ दिसत नाही का?"

सरकारने शास्त्रज्ञांची समिती नेमली. त्यांचं म्हणणं असं पडलं की मासे टाकल्याने ही लाल भरती आली नाही. विषारी शैवाल मासे टाकण्याआधीच बेटाच्या दक्षिणेच्या समुद्रात दिसलं होतं. खरं कारण हवामानाचं. त्या वर्षी एल निनो फार जोराचा होता. पाऊस कमी, ढग कमी, ऊन जास्त, नद्यांचं गोडं पाणी कमी. शैवालाला हवं तसं समुद्राचं पाणी झालं.

मैत्रिणींनो, हा एल निनो आपल्याही ओळखीचा आहे. २०१५ चा पावसाळा आपल्याकडे कोरडा गेला त्यामागे तोच होता, असं हवामानाचे अभ्यासक सांगतात. चिलोएच्या किनाऱ्यावर शिंपले मरत होते, त्याच एप्रिल महिन्यात आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं.

समितीचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही. ग्रीनपीस या संस्थेने सांगितलं की कुजणाऱ्या माशांतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि तो शैवालाला खतासारखा लागू पडतो. २०२० साली छापून आलेल्या एका अभ्यासानेही टाकलेल्या माशांनी लाल भरती वाढायला हातभार लावला असण्याची शक्यता मांडली. दरम्यान प्रकरण चिलीच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मासे टाकायची परवानगी देताना सरकारी खात्यांनी कायद्याप्रमाणे घ्यायची काळजी घेतली नव्हती, असं न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं.

मग खरं कोण? आम्हीही बराच वेळ यावर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की इथे दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंतले आहेत. पहिला, लाल भरती कशामुळे आली? हा शास्त्राचा प्रश्न. त्याला पाण्याचे नमुने, प्रवाहांची मोजमापं, आधीच्या वर्षांच्या नोंदी लागतात. दुसरा, मासे समुद्रात टाकणं बरोबर होतं का, आणि ज्यांचं पोट त्या समुद्रावर आहे त्यांना विचारलं होतं का? हा न्यायाचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर "निसर्ग" आलं तरी दुसऱ्यातून कुणी सुटत नाही. आणि दुसऱ्यात खातं चुकलं म्हणून पहिल्याचं उत्तर आपोआप "कंपनी" होत नाही. एका पाठोपाठ एक गोष्ट घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी झाली, असं दर वेळी नसतं. पण लोकांना संशय आला तो उगाच नाही. मासे टाकले ते त्यांना नीट सांगितलं नाही, मोजमाप दाखवलं नाही. मग नंतर कितीही हुशार समिती आणली तरी विश्वास बसायचा कसा?

आणि या सगळ्या भांडणात एक गोष्ट मात्र वादाची नव्हती. शिंपल्यात विष होतं. ते कुणामुळे आलं हे ठरेपर्यंत विष थांबत नाही.

आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. १९८१ मध्ये तामिळनाडूत, १९८३ मध्ये मंगळुरूच्या बाजूला शिंपले खाऊन विषबाधा झाली, माणसं दगावली. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिणाण्यांनी सात जणांचा जीव घेतला आणि शेकडो लोक दवाखान्यात गेले. म्हणून काही गोष्टी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

एक, पाण्याच्या रंगावर जाऊ नका. रात्री निळी चमकणारी जात बहुधा वेगळी असते, तिच्यामुळे शिंपल्यात हे विष येत नाही. ती फार माजली तर माशांना त्रास होतो. उलट विषारी जात असताना पाणी अगदी नितळही दिसू शकतं. म्हणजे वाद घालणारी काकी आणि सून, दोघीही चमकणाऱ्या लाटांकडे बघत होत्या. धोका मात्र न चमकणाऱ्या पाण्यातही असू शकतो.

दोन, शिजवून हे विष जात नाही. उकळा, तळा, कोकम घाला, लिंबू पिळा, उपयोग नाही. त्याला वास नाही, चव नाही. मांजराला घालून बघण्यातही अर्थ नाही.

तीन, लक्षणं ओळखा. शिंपले खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत ओठ, जीभ, चेहरा बधिर होतो, बोटांना मुंग्या येतात, जीभ जड होते, हातपाय गळतात, मग श्वास लागतो. अंगारा-धुपारा, काढा यात वेळ घालवू नका. यावर उतारा औषध नाही, पण वेळेवर दवाखान्यात नेऊन श्वास चालू ठेवला तर जीव वाचतो, आणि एक-दोन दिवस निभावले तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. काय खाल्लं, कुठून आणलं, हे डॉक्टरांना सांगा. उरलेले शिंपले फेकू नका, बांधून सोबत न्या.

चार, सगळ्या मासळीला घाबरू नका. ताज्या माशाच्या मांसात हे विष सहसा साठत नाही, पोट-आतडी काढून टाकायची. किनाऱ्याला आपोआप मरून लागलेला मासा मात्र घरात आणू नका.

आता गटांनी करायचं काम. एक वही घाला. किनाऱ्यावर मेलेले मासे किंवा शिंपले दिसले, पाण्याला रंग किंवा वास आला, तर तारीख, जागा, भरती की ओहोटी, आधी पाऊस झाला होता का, हे लिहा. मोबाइलवर फोटो काढा. चिलोएच्या वादात आधीच्या नोंदींची किंमत कळली. कुणाचा समुद्र कधी बिघडला हे सांगायला कागद लागतो.

दुसरं, ग्रामसभेत आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे विचारा: आमच्या खाडीतल्या शिंपल्यांची तपासणी कोण करतं, कधी करतं, निकाल कुठे लावतात? हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहावरून समुद्रात शैवाल कुठे माजलंय याची माहिती देते. पण उपग्रहाला शिंपल्यातलं विष मोजता येत नाही. त्यासाठी शिंपलाच प्रयोगशाळेत जावा लागतो.

तिसरं, यादीत नाव. मच्छीमार म्हटलं की होडी आणि जाळं डोळ्यापुढे येतं. कोयती आणि टोपली घेऊन चिखलात बसणारी बाई येत नाही. उद्या बंदी आली आणि मदत वाटायची ठरली, तर पहिला प्रश्न असेल, "तुमची नोंद आहे का?" तेव्हा शोधाशोध करण्यापेक्षा आजच गटात बसून कोण किती दिवस तिसऱ्या काढते, किती विकते, याची यादी करा आणि ग्रामपंचायतीला द्या. भरपाई मिळेल याची खात्री असेल तरच माणूस बंदी पाळतो. नाहीतर घरी भुकेलं पोर असताना, "विष असेलही, नसेलही" असं म्हणत आपणच टोपली उचलतो.

आता त्या ताईचा प्रश्न. उद्या तिसऱ्या काढायला जायचं की नाही? आमचं उत्तर असं: किनाऱ्यावर शिंपले मेलेले दिसले, शेजारच्या गावात कुणाला ते खाऊन ओठ बधिर झाल्याचं कळलं, किंवा सरकारी सूचना आली, तर जायचं नाही. विकायचं नाही आणि वाटायचंही नाही. एकदा साठलेलं विष शिंपल्यातून जायला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून पाणी निवळलं तरी तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबायचं. आणि यातलं काहीच नसेल तर नुसत्या निळ्या लाटा बघून रोजी बुडवायची गरज नाही. लाटा चमकल्याची नोंद तेवढी वहीत करायची.

काकी आणि सुनेने आपला वाद जरूर चालू ठेवावा. समुद्रात कोण काय सोडतं हे विचारायलाच हवं. फक्त त्या वादाचा निकाल लागेपर्यंत ताटात काय वाढायचं, हे त्या वादावर सोडू नका.

तुमच्या किनाऱ्यावर काय दिसतंय ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. तोपर्यंत सांभाळून राहा.