मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइडचा वापर कमी करणे

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या औषधोपचारातून प्रेड्निसोलोनसारखी स्टेरॉइडे लवकर थांबवणे किंवा कमीत कमी मात्रेत देणे, ही प्रतिकारशक्ती दडपण्याच्या उपचारातील एक पद्धत आहे. स्टेरॉइडांचे दुष्परिणाम टाळणे हा तिचा हेतू असतो.

पार्श्वभूमी

शरीराची प्रतिकारसंस्था रोपित मूत्रपिंडाला परके समजून त्यावर हल्ला करते. यास अवयव नाकारणे म्हणतात. ते रोखण्यासाठी १९६० च्या दशकात अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही जोडी रूढ झाली. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने मधुमेह, उच्च रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा, मोतीबिंदू व वजनवाढ संभवते. मुलांची वाढ खुंटते. पुढे सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस व मायकोफिनोलेट ही औषधे उपलब्ध झाल्यावर स्टेरॉइड वगळण्याचा विचार शक्य झाला.

पद्धती

स्टेरॉइड पहिल्या आठवड्यातच थांबवणे यास लवकर थांबवणे, तर काही महिन्यांनी वा वर्षांनी थांबवणे यास उशिरा थांबवणे म्हणतात. लवकर थांबवताना शस्त्रक्रियेच्या सुमारास बॅसिलिक्सिमॅब किंवा अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन देऊन प्रतिकारशक्ती आधीच दडपली जाते.

संशोधन

अमेरिकेतील ३८६ रुग्णांच्या चाचणीत (२००८) सातव्या दिवशी स्टेरॉइड थांबवलेल्या गटात पाच वर्षांत १७.८ टक्के, तर रोज ५ मिलिग्रॅम प्रेड्निसोन चालू ठेवलेल्या गटात १०.८ टक्के रुग्णांत तीव्र नकार आढळला. हे वाढीव प्रसंग प्रामुख्याने सौम्य होते आणि मूत्रपिंड टिकण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे राहिले. जर्मनीतील 'हार्मनी' चाचणीत (२०१६) कमी जोखमीच्या रुग्णांत आठव्या दिवशी स्टेरॉइड थांबवूनही पहिल्या वर्षात नकाराचे प्रमाण वाढले नाही. प्रत्यारोपणोत्तर मधुमेहाचे प्रमाण मात्र ३९ टक्क्यांवरून सुमारे २४ टक्क्यांवर आले.

शिफारशी व मर्यादा

'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार, प्रतिकारविषयक जोखीम कमी असलेल्या आणि आरंभीचे दमनकारी औषध मिळालेल्या रुग्णांत स्टेरॉइड पहिल्या आठवड्यात थांबवता येते. त्यानंतरही चालू राहिल्यास ते पुढे चालूच ठेवावे. पूर्वी प्रत्यारोपण झालेल्या किंवा दात्याविरुद्ध प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांत नकाराची जोखीम अधिक असल्याने स्टेरॉइड सहसा चालू ठेवले जाते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या अधिवृक्क ग्रंथींची नैसर्गिक निर्मिती मंदावलेली असते. अशा रुग्णाने औषध अचानक बंद केल्यास अवयव नाकारला जाण्यासोबतच रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. म्हणून मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करतात.