हिवाळी बाग (९) : शेवंतीला रात्र हवी

पॅन्सी आणि पिटुनियाच्या खत-पाण्याचं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं, ते आज पुढे ढकलतो आहे. एका वाचकाच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायला हवं, कारण नोव्हेंबर संपत आला आहे आणि या प्रश्नातले दिवस हातातून जाऊ देण्यासारखे नाहीत. पुण्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत शेवंतीच्या चार कुंड्या आहेत. दोन कळ्यांनी लगडल्या आहेत, दोन नुसत्याच पानांनी माजल्या आहेत. रोपं एकाच नर्सरीतली, माती एकच, खत-पाणीही एकाच हाताचं. पत्राच्या शेवटी जाता जाता एवढंच लिहिलं आहे की, माजलेल्या दोन कुंड्या रस्त्यावरच्या दिव्याच्या बाजूला ठेवल्या आहेत. माझ्या मते सगळं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. शेवंतीचा हंगाम मुख्यतः रात्रीच्या लांबीवर ठरतो. थंडीचा त्यात वाटा आहे, पण तो दुय्यम.

हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन इथल्या सरकारी शेतावर गार्नर आणि ॲलार्ड हे दोघे तंबाखूच्या ‘मेरीलँड मॅमथ’ या जातीपुढे हतबल झाले होते. उन्हाळाभर ती उंचच उंच वाढे, पण फुलत नसे. तीच हिवाळ्यात काचघरात मात्र लहान असतानाच फुले. खत, ओल, तापमान सगळं तपासून झाल्यावर 1918च्या उन्हाळ्यात त्यांनी काही रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली आणि भर उन्हाळ्यात तंबाखू फुलली. 1920मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि वनस्पतींची लहान दिवसाच्या व मोठ्या दिवसाच्या अशी विभागणी रूढ झाली. शेवंती पहिल्या गटातली. पुढे 1938मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी गोखरूच्या एका जातीवर प्रयोग करून दाखवलं की, दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काही फरक पडत नाही, पण रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड केला तर फुलणं थांबतं. म्हणजे ‘लहान दिवसाची’ म्हणवणारी झाडं खरं तर सलग अंधार मोजत असतात. नाव मात्र जुनंच राहिलं आणि त्यामुळे अजूनही गोंधळ होतो.

हा अंधार मोजतं पान. सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी 1930च्या दशकात याचा शोध घेतला तो शेवंतीवरच. त्यांनी रोपाच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली. मग खालच्या पानांना लहान दिवस दिला आणि उघड्या शेंड्याला मोठा, रोप फुललं. उलट केलं, म्हणजे पानांना मोठा दिवस आणि शेंड्याला लहान, तेव्हा ते फुललं नाही. कळी धरते शेंड्यावर, पण हुकूम येतो पानांकडून. हा हुकूम वाहून नेणाऱ्या द्रव्याला त्यांनी ‘फ्लोरिजन’ असं नाव दिलं. ते एक प्रथिन आहे हे सिद्ध व्हायला 2007 उजाडलं. 2013मध्ये जपानी संशोधकांनी शेवंतीच्या एका रानटी भावंडात आणखी एक प्रथिन शोधलं, ते फुलणं रोखणारं. रात्रीच्या मध्ये उजेड पडला की पानं हे दुसरं प्रथिन तयार करतात. म्हणजे दिव्याखालची शेवंती नुसती आदेशाची वाट पाहत थांबलेली नसते. ‘फुलू नकोस’ असा आदेश तिला रोज रात्री मिळत असतो.

आता महाराष्ट्राचा हिशेब. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. लंडनला हाच फरक जवळजवळ नऊ तासांचा पडतो. आपल्याकडे जेमतेम सव्वादोन तासांचा. झाडाला पंचांगातला सूर्योदय-सूर्यास्त ठाऊक नाही, त्यामुळे पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा अंधूक उजेड धरून या दिवसात अर्धा-पाऊण तास मिळवावा लागतो. बहुतेक शेवंती दिवस साडेतेरा तासांच्या खाली येऊ लागला की कळी धरू लागते. जातीप्रमाणे हा आकडा पुढेमागे होतो. 15 ऑगस्टच्या सुमारास पुण्याचा दिवस पावणेतेरा तासांवर आलेला असतो, उजेडाची भर धरून साडेतेराच्या आत. लवकर येणाऱ्या जाती तिथून सहा ते आठ आठवड्यांत फुलतात, मधल्या नऊ ते अकरा आणि उशिराच्या बारा ते पंधरा आठवड्यांत. दसऱ्यापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत बाजारात शेवंतीची रांग का लागते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. शेंडा खुडायचा तो ऑगस्टच्या मध्यापर्यंतच, हा जुन्या माळ्यांचा दंडकही इथूनच येतो. त्यानंतर खुडलेला शेंडा म्हणजे बहुतेक वेळा धरू पाहणारी कळीच.

यावर पहिला आक्षेप असा की, शेवंती थंडीत फुलते हे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ते खोटं कसं? पाहिलेलं खरंच आहे. पण कळी धरायला सुरुवात होते ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हा थंडीचा मागमूसही नसतो. थंडीचं काम पुढचं. रात्री गार असल्या की कळी वेळेवर उमलते, रंग गडद येतो, फूल जास्त दिवस टिकतं. रात्री उष्ण राहिल्या की धरलेली कळीही रेंगाळते. कोकणातल्या बागांना हा त्रास जास्त, देशावर कमी. दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत येतात म्हणून आपण थंडीला सगळं श्रेय देऊन टाकतो.

दुसरा आक्षेप खताचा, आणि तो मला वजनदार वाटतो. नत्र जास्त झालं की शेवंती पानाला लागते, हे निर्विवाद. पण ओळखायची खूण आहे. नत्राचा माज सगळ्या झुडपावर सारखा दिसतो. दिव्याचा परिणाम एकांगी असू शकतो. दिव्याकडच्या फांद्या पानाळ आणि भिंतीच्या सावलीतल्या फांद्या कळ्यांच्या, असं एकच झुडूप दिसलं तर खताला दोष देता येणार नाही. अशा झाडाला हाडांचं खत, स्फुरद, बाजारातली फुलं आणणारी औषधं कितीही घातली तरी रात्रीची उणीव भरून निघत नाही. लोक या औषधांवर पैसे घालवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कुंडी दहा पावलं हलवायला काहीच पडत नाही.

तिसरा आक्षेप : मग शेजारची शेवंती दिव्याजवळ असूनही कशी फुलली? उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, आणि जातीजातींची सोशिकताही वेगळी. शिवाय किती वेळ उजेड पडतो हेही मोजावं लागतं. गॅलरीतला दिवा दोन-चार मिनिटं लावून बंद केला तर शेवंतीला सहसा काही होत नाही. रात्रभर जळणारा रस्त्याचा दिवा मात्र घातक. चांदण्याची भीती नको, तो उजेड फारच क्षीण. दिवा पिवळा असो की पांढरा एलईडी, फारसा फरक नाही. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य मुख्यतः लाल प्रकाश टिपतं आणि तो दोन्हींत पुरेसा असतो. चौथी शंका बारमाही मिळणाऱ्या शेवंतीची. ती पॉलिहाउसमधली : वाढीच्या काळात मध्यरात्री काही तास दिवे, मग संध्याकाळपासून काळं कापड. जपानमधल्या अत्सुमी द्वीपकल्पातले शेतकरी तर रात्री दिवे लावून शेवंती मुद्दाम लांबवतात आणि बाजाराला हवी त्या वेळी फुलवतात. आपल्या वाचकाच्या गॅलरीत रस्त्याचा दिवा नकळत तेच करतो आहे.

त्यांच्या दोन कुंड्यांसाठी वेळ गेलेली नाही. मार्चच्या सुरुवातीपर्यंत पुण्याचा दिवस बारा तासांच्या आत आहे. कुंड्या आजच दिव्यापासून आडोशाला, जिथे रात्री उभं राहून वर्तमानपत्राचा मथळाही वाचता येणार नाही अशा जागी ठेवा; दिवसा मात्र त्यांना पूर्ण ऊन मिळायला हवं. आता शेंडा खुडू नका आणि नत्र थांबवा. तीन-चार आठवड्यांत बारीक कळ्या दिसतील आणि मधल्या हंगामाची जात असेल तर जानेवारीच्या शेवटी फुलं येतील. जागाच नसेल तर संध्याकाळी सहा-साडेसहाला कुंडीवर जाड पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला आणि सकाळी सातला काढा. कळ्यांना रंग दिसेपर्यंत एकही रात्र चुकवायची नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा उपाय जपून करावा, कारण खोक्यात ऊब कोंडली की कळी रेंगाळते. आता ती अडचण नाही.

दिव्याखालची रिकामी जागा वाया जात नाही. पिटुनिया, पॅन्सी, कॅलेंड्युला, डॉग फ्लॉवर ही मंडळी उलट बाजूची. दिवस लांबला की त्यांना फुलायची घाई होते. रस्त्याच्या दिव्याने त्यांचं नुकसान नाही, झालाच तर थोडा फायदा. पॉइन्सेटिया आणि कलांचो मात्र शेवंतीच्याच पंगतीतले, त्यांनाही अंधारात न्या. पॉइन्सेटिया तर या बाबतीत शेवंतीहून हळवी. शेवंतीच्या त्या दोन कुंड्या हलल्या की त्यांच्या जागी पिटुनिया दिव्याकडे येईल, आणि तिथे तिला काय खाऊ घालायचं ते पुढच्या आठवड्यात.