संध्याकाळी उमलणारी भाजी

दुधीचं फूल दिवस मावळताना उमलतं. एप्रिलमधल्या कुठल्याही संध्याकाळी, सहा-साडेसहाच्या सुमारास, गॅलरीतल्या वेलापाशी जाऊन नुसतं उभं राहावं. दुपारभर माना टाकलेली पानं एव्हाना सावरलेली असतात. पानाच्या बेचक्यातून लांब देठावर आलेली हिरवट कळी टोकाशी सैल होते, पाच पाकळ्यांच्या कडा सुटतात आणि बघता बघता फूल पसरतं. पाकळ्या पांढऱ्या, चुरगाळून ठेवलेल्या मलमलीसारख्या. त्यांतून बारीक हिरव्या शिरा गेलेल्या. दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत त्यांचा लगदा झालेला असतो. 'आज पुन्हा दुधीच का?' म्हणून जिच्यापुढे घरोघरी नाकं मुरडली जातात, त्या भाजीचं भवितव्य असं एका रात्रीत ठरतं.

शेजारच्या कुंड्यांमध्ये तिची भावंडं असतील तर मौज आणखी वाढते, कारण प्रत्येकाची वेळ निराळी. दोडक्याची पिवळी फुलं दुधीसारखीच दिवस कलल्यावर उमलतात. घोसाळं दोडक्याच्या इतकं जवळचं, की दोघांचं प्रजातिनाम एकच. पण त्याची फुलं मात्र पहाटे उघडतात. लाल भोपळा त्याहून घाईचा, अंधार असतानाच उमलून सकाळी उशिरापर्यंत मिटून जाणारा. काकडी आणि कारलं सूर्य उगवण्याच्या सुमारास. आणि पडवळ रात्री. पडवळाचं फूल ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी एवढ्यासाठी तरी एक वेल लावावाच. पाकळ्यांच्या कडांना पांढऱ्या तंतूंची झालर सुटलेली असते, आणि भाजीत इतकं साधं दिसणारं पडवळ रात्री हे असलं काही करत असेल यावर विश्वास बसत नाही.

ही सगळी एकाच कुष्मांड कुळातली मंडळी. वेळा वेगळ्या, कारण पाहुणे वेगळे. पहाटे आणि सकाळी उमलणाऱ्यांची भिस्त मधमाश्यांवर. त्यांची फुलं पिवळी. दुधी-पडवळाकडे रात्री पतंग येतात, आणि अंधारात दिसायला पांढऱ्यासारखा रंग नाही. शहरातल्या चौथ्या मजल्यावर हे पतंग सहसा पोचत नाहीत. म्हणूनच 'वेल छान वाढलाय, फुलंही येतात, पण धरत काहीच नाही' ही तक्रार इतकी ऐकू येते. पतंगाचं काम अशा वेळी आपण करायचं.

त्यासाठी आधी नर-मादी फूल ओळखता यायला हवं, आणि ते अगदी सोपं आहे. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढा, लव असलेला, पुरता घडलेला इवला दुधी असतो. नर फुलाखाली नुसता सडपातळ देठ. संध्याकाळी दोन्ही उमलली की नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे सोलून काढायच्या आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मधल्या जाडसर भागावर हलक्या हाताने फिरवायचा. पिवळी भुकटी तिथे चिकटलेली डोळ्यांना दिसते. हे दुधीला आणि दोडक्याला संध्याकाळी करायचं, भोपळ्याला आणि काकडीला सकाळी लवकर. दुपारी केलेले कष्ट वाया जातात. परागण साधलं की चार-पाच दिवसांत तो इवला दुधी चकचकीत होऊन फुगायला लागतो. नाही साधलं तर पिवळा पडून गळतो. रोग म्हणून फवारणीची बाटली उचलण्याआधी एवढं बघून घ्यावं.

सुरुवातीचे बरेच दिवस वेलावर फक्त नर फुलं येतात. त्यात बिघडलेलं काही नसतं. पण कोणत्या वेलावर मादी फुलं किती, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यांतली एक फार विलक्षण आहे. काकडीच्या वेलात इथिलीन हा वायू जास्त तयार झाला की मादी फुलं वाढतात. हाच तो वायू, ज्याच्यामुळे आढीतले आंबे पिकतात. एकीकडे हापूसला रंग चढतोय आणि दुसरीकडे काकडीच्या वेलावर मुली जन्माला येताहेत, आणि दोन्हीच्या मागे एकच साधा वायू! उलट कडक ऊन आणि लांबलेले दिवस नर फुलांच्या बाजूने कौल देतात. म्हणून उन्हाळी वेलभाज्यांचं बी जानेवारी-फेब्रुवारीत पेरायचा आपल्याकडचा रिवाज आहे. मादी फुलं येण्याचा काळ भर मेच्या आत गाठता येतो. दुधीचा शेंडा पाच-सहा फुटांवर खुडला तर बगलेच्या फांद्या फुटतात, आणि मादी फुलं बहुतेक त्या फांद्यांवरच धरतात.

कुंडी, माती, पाणी यांबद्दल मी थोडक्यातच सांगते. भेंडीला, मिरचीला एक फुटी कुंडी पुरते. वेलांना त्याच्या दुप्पट मोठं काही हवं. जुना पिंप, ड्रम, भाजीचा क्रेट, काहीही चालतं. मातीत शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि वर उसाचं पाचट किंवा वाळलेल्या पानांचं जाड आच्छादन. आच्छादनाविना महाराष्ट्रातल्या एप्रिलमध्ये कुंडी तग धरत नाही, इतकं ते महत्त्वाचं. पाणी सकाळी. दुपारी दोनला वेलाची मोठी पानं लोंबायला लागतात ती पाण्यासाठी हाका मारताहेत असं वाटतं, पण मुळं जितकं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं म्हणून ती सैल पडतात. माती बोटभर खोल ओली असेल तर पाणी घालू नये. ऊन उतरलं की पानं आपली आपण ताठ होतात.

उन्हाचा हिशेब मात्र वेळ काढून करावा. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'च्या कामातून जे आयुष्यभर सांगितलं त्याचा गाभा हाच होता, की पीक म्हणजे पानांनी साठवलेला सूर्यप्रकाश. आपल्या अक्षांशांवर या प्रकाशाची एक गंमत आहे. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तोच 'शून्य सावली दिवस'. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे जी दक्षिणेची गॅलरी फेब्रुवारीत उन्हाने न्हालेली असते, तीच मेअखेरीस सावलीत जाते, आणि कायम अंधारी म्हणून बदनाम झालेल्या उत्तरेच्या गॅलरीत ऊन डोकावतं. कुंड्या हलत्या ठेवाव्यात त्या यासाठी.

आता तणाव्यांकडे येऊ, कारण खरं नवल तिथे आहे. काकडीच्या वेलाच्या टोकाशी निघालेला नवा तणावा सरळ असतो आणि हवेत अगदी संथपणे गोल फिरत असतो, काहीतरी शोधत. त्याला काडी किंवा दोरी लागली की स्पर्शाच्या बाजूने तो वळायला लागतो आणि तासाभरात वेढा पडलेला असतो. चार्ल्स डार्विनने आजारपणात खोलीत कुंड्या ठेवून अशा वेलांकडे तासन्‌तास पाहिलं आणि 1865 मध्ये चढणाऱ्या वेलींवर प्रदीर्घ निबंध लिहिला. त्याला आढळलं की बारीकशा दोऱ्याच्या स्पर्शानेही तणावा वळतो, पण पाण्याचे थेंब पडले तर हलत नाही. पावसाने फसून चालणार नाही, हे त्या हिरव्या धाग्याला कळतं!

वेढा पक्का झाल्यावर पुढचा भाग सुरू होतो. दोन्ही टोकं आता बांधलेली, त्यामुळे मधला धागा पीळ घेऊ लागला की अडचण येते, कारण दोन्हीकडून पकडलेली दोरी एकाच दिशेने पिळता येत नाही. वेल मध्यावर दिशा बदलतो. अर्धा तणावा उजवीकडे पिळलेला, अर्धा डावीकडे, आणि मध्ये एक छोटासा सरळ तुकडा. आपल्या गॅलरीतला कुठलाही जुना तणावा जवळ घेऊन पाहावा, हा तुकडा सापडतोच. 2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काकडीच्या तणाव्याच्या आत दोन पेशींच्या जाडीची तंतूंची एक पट्टी शोधून काढली. तिची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आक्रसते, म्हणून धागा गुंडाळतो. आणखी पुढचं त्यांना दिसलं ते असं, की जून तणावा ताणला तर आधी उलगडायच्या ऐवजी आणखी पीळ घेतो. वळिवाच्या वाऱ्यात सबंध मांडव हेलकावे खातो तेव्हा वेल का तुटत नाही, याचं उत्तर त्या पिळात आहे.

या कुळाची दुसरी खासियत म्हणजे कडवटपणा. रानटी काकड्या आणि भोपळे कडूजहर असतात. क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांनी ते खाणाऱ्या जनावरांना दूर ठेवतात. काकडी मूळची आपल्याच उपखंडातली, हिमालयाच्या पायथ्याची, आणि तिचे तिथले रानटी भाऊबंद आजही कडू आहेत. 2014 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की काकडीच्या पानातला आणि फळातला कडवटपणा चालू-बंद करणाऱ्या कळा वेगवेगळ्या आहेत. हजारो वर्षं गोड काकडीचं बी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनी नकळत फळातली कळ तेवढी बंद केली. पानं किडींसाठी कडूच राहिली. किती नेमकं काम, आणि तेही नुसत्या जिभेच्या भरवशावर! पाण्याची आबाळ झाली, ऊन भाजून काढू लागलं, की ही कळ कधी कधी पुन्हा चालू होते. कडवटपणा देठाकडे जास्त असतो, म्हणून देठाकडची चकती चाखून पाहायची आजीची सवय योग्यच आहे.

दुधीच्या बाबतीत हे चाखणं अधिक गंभीरपणे घ्यावं. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने तसा इशाराही दिलेला आहे. शिजवूनही ते द्रव्य जात नाही. चिरताना कोवळा तुकडा जिभेला लावावा, कडू लागला तर थुंकून अख्खा दुधी टाकून द्यावा. हाच कडू भोपळा वाळवला की त्याची टणक, पोकळ तुंबडी होते, आणि पंढरपूर परिसरातल्या अशा भोपळ्यांतून मिरजेचे कारागीर सतारी आणि तंबोरे घडवतात. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

घरच्या भाजीला स्वयंपाक फार लागत नाही. बाजारातला दोडका तोडल्यानंतर दोन दिवस प्रवास करून येतो, गॅलरीतला दहा मिनिटांपूर्वीचा असतो. हिंग-मोहरीची फोडणी, हिरवी मिरची, दोडक्याच्या फोडी, मीठ आणि झाकण. पाण्याचा थेंब घालू नये, तो आपल्याच रसात शिजतो. शिरा काढल्या असतील त्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं आणि मिरची घालून भरडायच्या. भाकरीबरोबर ही चटणी भाजीआधी संपते. पडवळ भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर, वर थोडा गोडा मसाला.

खमंग काकडीत मीठ कधी घालायचं याला कारण आहे. काकडीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच. चोचवलेल्या काकडीवर मीठ पडलं की पेशींतलं पाणी बाहेर धावतं आणि पाच मिनिटांत कोशिंबिरीचं सार होतं. म्हणून दाण्याचं कूट, मिरची, लिंबू, चिमूटभर साखर, वर तूप-जिऱ्याची फोडणी, आणि मीठ पानं वाढताना. भेंडीचा चिकटपणाही पाण्याशीच बांधलेला. तिच्यातल्या लांबलचक साखळ्यांच्या शर्करा पाणी भेटलं की फुगून तारा सोडतात. धुऊन, पुसून, कोरडी करून मग चिरावी, झाकण ठेवू नये, आणि आमसूल किंवा ताक घालावं. आंबटाने तार तुटते. झाडावर भेंडी फूल गळाल्यापासून चार-पाच दिवसांतच काढावी लागते. एक दिवस विसरलं की ती दोरखंड होते. बी घेणार असाल तर भेंडीत 'परभणी क्रांती', पडवळात 'कोकण श्वेता', दोडक्यात 'कोकण हरिता' ही कृषी विद्यापीठांची वाणं घ्यावीत. त्यांचं बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं.

आणि भोपळ्याच्या नर फुलांचं काय करायचं, हे अजून राहिलंच. सकाळी परागण उरकलं की ज्यादा नर फुलं खुडून आणावीत, मधला दांडा काढून टाकावा, आत मुंगी नाही ना ते बघावं. बेसनात थोडं तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट, मीठ घालून पीठ सरसरीत भिजवावं आणि फुलं अख्खी बुडवून गरम तेलात सोडावीत. मादी फुलांना हात लावू नये.