मूत्राशय व अधोमूत्रमार्गाचे विकार

मूत्राशय, मूत्रमार्ग आणि पुरुषांमधील प्रोस्टेट ग्रंथी यांच्याशी निगडित आजारांना '''अधोमूत्रमार्गाचे विकार''' म्हणतात. जंतुसंसर्ग, प्रोस्टेटची वाढ, मूतखडा, लघवीवरील ताबा सुटणे आणि मूत्राशयाचा कर्करोग हे त्यांतील प्रमुख होत. मूतखड्याला सुश्रुतसंहितेत 'अश्मरी' म्हटले असून तो काढण्याची शस्त्रक्रियाही तेथे वर्णिली आहे.

== लक्षणे ==
लघवीच्या जळजळीला मराठीत 'उन्हाळी लागणे' म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडल्याने जळजळ वाढते हे खरे. परंतु ती वारंवार होत असल्यास, किंवा सोबत थंडी-ताप व कंबरदुखी असल्यास, कारण बहुधा जंतुसंसर्ग असते आणि धण्याच्या पाण्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यांत शेतमजूर स्त्रिया आडोशाअभावी दिवसभर पाणी टाळतात व लघवी रोखून धरतात. दोन्ही सवयी संसर्गाला पोषक आहेत. संकोचामुळे त्या याविषयी क्वचितच बोलतात.

== निदान ==
प्रौढांच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. किती वेळा व किती लघवी झाली याची तीन दिवसांची नोंद ही सर्वांत स्वस्त तपासणी असूनही तीच अनेकदा राहून जाते. त्यानंतर लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी व कल्चर, रक्तशर्करा आणि लघवीनंतर उरलेले मूत्र मोजणारी सोनोग्राफी केली जाते. मूत्रप्रवाहमापनात कमाल वेग सेकंदाला १० मिलिलिटरहून कमी आढळल्यास अडथळ्याची किंवा मूत्राशयाचे स्नायू दुबळे झाल्याची शंका येते. वेदनेविना लघवीतून रक्त एकदाच गेले, तरी प्रौढांमध्ये, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, दुर्बिणीने मूत्राशय पाहावे लागते. कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते.

== उपचार ==
संसर्गावर कल्चरनुसार प्रतिजैविके देतात. ती अर्धवट सोडल्यास आजार उलटू शकतो. ताबा सुटण्यावर श्रोणितलाचे व्यायाम उपयोगी पडतात, मात्र गुण येण्यास काही आठवडे लागतात. प्रोस्टेटच्या वाढीत टॅमसुलोसिन काही दिवसांत आराम देते, तर फिनास्टेराइडला सुमारे सहा महिने लागतात. औषधे अपुरी पडल्यास दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करतात. लघवी अचानक पूर्ण तुंबणे ही तातडीची अवस्था असून नळी घालणे हा पहिला उपाय आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (स्थापना १९६९) व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली मोठी उपचारकेंद्रे आहेत.