दिवाळीला कर्मचाऱ्यांना काय द्यावे? आधी बोनस, मग मिठाई. मालक आणि साहेबांसाठी सोपे गणित

दिवाळी जवळ आली की कामाच्या ठिकाणी एकच चर्चा असते, यंदा काय मिळणार? देणाऱ्याच्या डोक्यातही तोच विषय असतो. काय द्यावे, किती द्यावे, कोणाला द्यावे? परभणी तालुक्यातल्या पेडगावसारख्या गावातला शेतकरी असो की पुण्यातल्या कंपनीचा व्यवस्थापक, प्रश्न सारखाच. त्याचे उत्तर शोधायला मिठाईच्या दुकानाआधी हिशेबाची वही उघडावी लागते. कशी, ते समजून घेऊया.

गावात 'बॉस' कोण असतो?

पेडगावसारख्या गावात शेत, अंगणवाडी, ग्रामपंचायत, किराणा दुकान, कृषी सेवा केंद्र ही सगळी कामाची ठिकाणेच आहेत. मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. रोख रकमेसोबत अनेकदा धान्य, कपडे, चप्पल हेही बोलीत असते. पोळ्याला बैलांसोबत गड्यालाही नवे कपडे आणि पुरणपोळीचे जेवण देण्याची रीत आहे.

यात एक बारीक फरक आहे. बोलीत ठरलेले कपडे ही मजुरी असते. त्यापलीकडे मनाने दिले, तर ती भेट. ठरलेला सदराच हातात ठेवून 'गड्याची दिवाळी केली' म्हणणारा मालक गावात लगेच ओळखू येतो. ऑफिसातही हेच होते. बोनसच्या जागी सुकामेव्याचा बॉक्स दिला, तर लोक बॉक्स घेतात, पण नाराजी घरी नेतात.

बोनस ही मालकाची मर्जी आहे का?

एकेकाळी होती. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना युद्ध बोनस देणे सुरू केले. युद्धानंतरही काही वर्षे बोनस मिळत राहिला. १९२३ चा बोनस मात्र मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये मोठा संप झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या समितीने, कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क नाही, असा निष्कर्ष काढला.

तो हक्क मिळायला पुढे चार दशके लागली. १९६५ मध्ये बोनस कायदा आला आणि 'मालकाने खूश होऊन दिलेली रक्कम' हा अर्थ मागे पडला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत हा कायदा सामावला गेला असला, तरी किमान बोनसची टक्केवारी तीच आहे.

बोनसचे नियम थोडक्यात

• किमान बोनस वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, कमाल २० टक्के.
• वर्षात किमान ३० दिवस काम केलेले असावे.
• १९६५ च्या कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पात्रतेची मर्यादा महिना २१,००० रुपये पगार. हिशेब महिना ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांपैकी जे जास्त त्यावर.
• हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत रक्कम द्यायची. वर्ष ३१ मार्चला संपत असेल, तर मुदत ३० नोव्हेंबर.

उदाहरण पाहा. हिशेबाची रक्कम महिना १०,००० रुपये धरली, तर वर्षाचे १,२०,००० होतात. त्याचे ८.३३ टक्के म्हणजे ९,९९६ रुपये. साधारण एक महिन्याचा पगार. म्हणूनच ८.३३ टक्के हा आकडा आहे. शंभराला बारांनी भागून पाहा.

सणानिमित्त रूढीने आधी दिलेली बोनसची रक्कम कायदेशीर बोनसमधून वजा करता येते. पण बोनस पैशातच द्यायचा असतो. मिठाई, मिक्सर, चादरी यांचा त्यात हिशेब होत नाही.

मोजक्या माणसांवर चालणारी दुकाने आणि घरचे शेत साधारणपणे या नियमांच्या बाहेर राहतात. तिथे कामगाराच्या हातात कायदा नसतो, मालकाची नियत असते. त्यामुळे तिथे दिवाळीला काय मिळते, याला जास्त महत्त्व आहे.

रक्कम दिली, पण माणसे का चिडतात?

२०२५ च्या दिवाळीत आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावरच्या फतेहाबाद टोल नाक्यावर कर्मचाऱ्यांनी गेट उघडे टाकले आणि वाहने टोल न भरता निघून गेली. कारण होते १,१०० रुपयांचा दिवाळी बोनस. अपेक्षा एक आणि हातात भलतेच, असे झाले की भेटच अपमान वाटू लागते.

आपल्याकडचे दुसरे उदाहरण अंगणवाडीचे. राज्य सरकार अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना दिवाळीला 'भाऊबीज भेट' देते. २०२५ मध्ये ती प्रत्येकी २,००० रुपये जाहीर झाली. नावात भाऊ-बहिणीचे नाते आहे आणि रक्कम सेविका व मदतनीस दोघींना सारखी आहे, ही चांगली बाजू. पण मानधनवाढीसाठी याच सेविका वर्षानुवर्षे आंदोलने करत आल्या आहेत. ओवाळणी मिळाली म्हणून मानधनाची मागणी मिटत नाही.

मग भेट कशी द्यावी?

१. थकबाकी आधी. पगार, ओव्हरटाइम, बोनस चुकता झाल्यावरच भेटीचा विषय काढा.

२. धनत्रयोदशीच्या आधी द्या. घरचा बाजार तोपर्यंत होतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आलेले पैसे फराळाच्या कामाचे नसतात.

३. यादीत कोण नाही, ते पाहा. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, चहा देणारा, कंत्राटदाराकडून आलेली मुले बहुतेकदा राहून जातात. साहेबांना चांदीचे नाणे आणि शिपायाला सोनपापडी, हा फरक सगळ्यांना दिसतो.

४. माणूस पाहून द्या. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या अनेकांची सोयाबीन-कापसाची शेते पाण्याखाली गेली. ज्याच्या घरी असे झाले, त्याला शोभेच्या दिव्यापेक्षा आगाऊ पगार किंवा चार दिवस जादा सुट्टी मोलाची.

५. सुट्टी ही मोठी भेट आहे. परभणीकडे येणाऱ्या रेल्वे आणि एसटीची गर्दी लक्षात घेऊन ती महिनाभर आधी मंजूर करा.

६. नाव घेऊन दोन वाक्ये बोला. 'जुलैत मशीन बंद पडले तेव्हा तुम्ही रात्रभर थांबलात' हे वाक्य छापील शुभेच्छापत्रापेक्षा जास्त लक्षात राहते.

सण फक्त दिवाळीच का?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्षाच्या सुरुवातीआधी मिळून ठरवायच्या. म्हणजे ईद, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती किंवा नाताळ यांचा विचार करायची सोय कायद्यातच आहे. यादी परस्पर लावू नका, विचारून करा.

कराचे काय?

रोख रक्कम पगारात धरली जाते आणि करपात्र ठरते. २०२५ च्या दिवाळीला लागू असलेल्या नियमांत वस्तू किंवा व्हाउचरच्या रूपातील भेट वर्षाला ५,००० रुपयांच्या आत असेल तर करमुक्त होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे यंदाची मर्यादा लेखापालाला विचारून घ्या. जीएसटीत मालकाने एका कर्मचाऱ्याला वर्षभरात दिलेल्या ५०,००० रुपयांपर्यंतच्या भेटी पुरवठा मानल्या जात नाहीत.

साहेबांनी भेट घ्यावी का?

हाताखालच्या लोकांनी वर्गणी काढून साहेबांना भेट देण्याची पद्धत बंद केलेली बरी. कमी पगाराच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या भेटी घेण्यावर तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार बंधने आहेत. ठेकेदाराकडून आलेला मिठाईचा बॉक्सही त्यातून सुटत नाही.

यंदा खरेदीला निघण्याआधी कर्मचाऱ्यांची यादी काढा आणि प्रत्येक नावासमोर दोन रकाने करा, 'देणे किती' आणि 'भेट काय'. पहिला रकाना पूर्ण चुकता झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.