शाळेची झोळी आणि मागे राहिलेली मुले

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले म्हणजे आमच्या माध्यमिक शाळांतून एक निराळीच लगबग दिसू लागते. स्नेहसंमेलनाच्या तालमी, क्रीडास्पर्धा, विज्ञानप्रदर्शन, हस्तलिखित, आनंदमेळावा आणि या सर्वांचा कळस म्हणजे सहल. या लगबगीबरोबरच मुलांच्या दप्तरांतून घरोघर चिठ्ठ्या जाऊ लागतात, व त्या चिठ्ठ्यांत बहुधा एक आकडा लिहिलेला असतो. तो आकडा एखाद्या घरी हसतमुखाने दिला जातो, दुसऱ्या घरी महिनाअखेरच्या हिशेबात ओढूनताणून बसविला जातो, आणि तिसऱ्या घरी तो कसाही केला तरी बसत नाही. या तिसऱ्या घरातील मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. असल्या उपक्रमांस आमचा विरोध नाही; उलट ते शाळेचे आभूषण नसून शाळेचे अंगच होत, असे आमचे मत आहे. ज्या मुलाने रायगडाची चढण पायांनी मोजली नाही, त्याला इतिहासाच्या पुस्तकातील रायगड हे केवळ परीक्षेतील एक नाव असते. ज्या मुलीने हातात भिंग घेऊन पानाची शीर पाहिली नाही, तिची वनस्पतिशास्त्राची व्याख्या कितीही तोंडपाठ असली तरी ती पोपटपंचीच समजावी. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांमध्ये कडेकोट भिंत असू नये असे स्पष्ट म्हटले आहे, व सहावी ते आठवीच्या काळात केव्हातरी मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काही शिकावे, अशीही सूचना त्यात आहे. तेव्हा सिद्धान्त ठरून गेला आहे. वाद उरला आहे तो व्यवहाराचा.

व्यवहारात काय होते ते पाहा. सहलीची वर्गणी भरणाऱ्यांची यादी तयार होते. ठरलेल्या दिवशी पहाटे एस. टी. ची गाडी शाळेच्या फाटकापाशी उभी राहते, आणि यादीतील मुले गात-ओरडत निघून जातात. यादीत नसलेल्या मुलांसाठी त्या दिवशी शाळा भरते, पण शिकवावयास निम्मे शिक्षक नसतात. म्हणून दोन-तीन वर्ग एकत्र बसवून वेळ काढला जातो, किंवा त्या मुलांनी घरीच राहावे असे सुचविले जाते. चार दिवसांनी मराठीच्या तासाला निबंधाचा विषय मिळतो, "आमची सहल". मागे राहिलेल्या मुलाने हा निबंध कशाच्या आधारावर लिहावा? त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: न पाहिलेले पाहिल्यासारखे लिहावे किंवा वही कोरी ठेवावी. पहिल्या वाटेने त्याला खोटे बोलावयाचे शिक्षण मिळते व दुसऱ्या वाटेने अपमानाचे. आणि यातले काहीही कोणी मुद्दाम केलेले नसते, हेच त्यातील खरे दुःख होय.

यावर ठरलेले उत्तर असे की, सहल ऐच्छिक आहे, कोणावर सक्ती नाही. हे उत्तर ऐकावयास न्यायाचे वाटते, पण ते तपासले असता टिकत नाही. ज्याच्यापाशी पैसे आहेत त्याच्याच बाबतीत 'इच्छा' या शब्दाला अर्थ असतो. ज्याच्यापाशी नाहीत त्याने "मला जावयाचेच नव्हते" असे म्हणणे ही इच्छा नव्हे. ती आपल्या आईबापांची लाज राखण्यासाठी मुलाने केलेली धडपड होय. चौदा वर्षांच्या मुलाला घरची गरिबी चांगली कळते, व तो ती चिठ्ठी घरी न दाखविता वाटेतच फाडून टाकतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मुलांना कधी जवळून पाहिलेच नाही असे म्हणावे लागेल.

मुलींच्या बाबतीत तर हा अन्याय दुहेरी होतो. घरात एकाचीच वर्गणी भरण्याइतकी ऐपत असली आणि भाऊ व बहीण दोघेही एकाच शाळेत असली, तर कोणाचे नाव यादीत लागते हे सांगावयास ज्योतिषी नको. "मुलीच्या जातीला सहल कशाला?" हे वाक्य आजही अनेक घरांतून उच्चारले जाते, व जेथे ते उच्चारले जात नाही तेथेही पुष्कळदा आचरले जाते. शाळेने पैशाची अट काढून टाकली तर या वाक्याचा निम्मा आधार आपोआप नाहीसा होईल.

आता कोणी म्हणेल की, एक सहल हुकली म्हणून आकाश कोसळत नाही. पण गोष्ट एका सहलीची नाही. आपल्या महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांत व क्रीडास्पर्धांत यश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. कलेला व खेळाला मान मिळतो. परंतु एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांना बसावयाचे म्हणजे रंग, कागद, कुंचले आणि पुष्कळदा शिकवणी हवी. स्पर्धेत उतरावयाचे म्हणजे बूट, गणवेश आणि प्रवासखर्च हवा. तेव्हा काल जी हौस होती ती आज गुणपत्रिकेत उतरली आहे, आणि जी पैशाने विकत घेता येते ती हौस गुणपत्रिकेत उतरली म्हणजे गुणही काही अंशी पैशाने विकत मिळू लागतात. ज्या शाळा सर्वांना समान संधी देण्यासाठी निघाल्या, त्यांच्याच हातून असे घडावे, हे शोभत नाही.

शाळेने लोकांपुढे झोळी पसरावी यात मात्र आम्हांस कमीपणा मुळीच वाटत नाही. महाराष्ट्रातील शिक्षणाची अर्धी इमारत झोळीवरच उभी राहिली आहे. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले ते अल्प वेतनावर राबणाऱ्या तरुण शिक्षकांच्या त्यागावर. आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीसाठी नामजोशींनी संस्थानिकांचे दरवाजे ठोठावून निधी जमविला. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि सुटीचे दिवस विश्रांतीत न घालविता गावोगाव वर्गणी मागण्यात घालविले. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसविली, व त्या पंगतीस अन्न कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धा, मोडले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पनाही येथे आठवावी: प्रत्येकाने फक्त एक पैसा द्यावा, आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आहे, व ते आजच्या शाळाचालकांनी नीट ध्यानात घ्यावे. या थोर माणसांनी झोळी पसरली ती मोठ्यांपुढे, समाजापुढे. आणि त्या झोळीत जे पडले ते सर्वांच्या पानात सारखे वाढले. ज्याच्या बापाने अधिक धान्य दिले त्याच्या ताटात एक भाकर अधिक, असा हिशेब साताऱ्याच्या पंगतीत नव्हता. आज आम्ही नेमके उलट करीत आहो. आम्ही झोळी मुलाच्याच हाती देतो, आणि त्याने जेवढे आणले तेवढेच त्याच्या पानात वाढतो.

मुलांच्या हाती पावतीपुस्तके व तिकिटे देऊन ती खपविण्यास लावण्याची चालही याच जातीची आहे. सराफाचा मुलगा आपले पुस्तक दुकानात बसूनच एका संध्याकाळी संपवितो; धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीने ते कोणाकडे न्यावे? ज्या घरी तिची आई काम करते त्याच घरी ना? मग दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी किती आणले त्याची नावे वाचली जातात, अधिक आणणाऱ्याला टाळ्या मिळतात, आणि सद्गुणाच्या नावाखाली बापाच्या तिजोरीचे कौतुक होते. याउलट स्काउट-गाइडमधील 'खरी कमाई'ची कल्पना पाहा. तीत मूल काहीतरी काम करते व त्या कामाचा मोबदला मिळविते. बागेतील तण काढणे, सायकली पुसणे, आनंदमेळाव्यात स्वतः केलेली भेळ विकणे, यांत श्रमाला प्रतिष्ठा आहे आणि गरीब मूल श्रीमंत मुलाच्या बरोबरीने, कदाचित एक पाऊल पुढेही, उभे राहते. मात्र ही कमाई सर्वांच्या एकत्र पेटीत पडली पाहिजे, व कोणाची किती हे मोजता कामा नये.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही असे नाही. प्रवेशाच्या वेळी देणगी उकळण्यास महाराष्ट्रात १९८७ सालच्या कायद्याने बंदी आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०११ सालच्या शुल्क विनियमन कायद्याने फी ठरविण्याच्या कामी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान दिले. परंतु शिक्षणहक्काचे छत्र आठवी इयत्तेपाशी संपते, व माध्यमिक शाळेतील नववी-दहावीचे मूल त्याच्या बाहेर उभे राहते. शिवाय 'ऐच्छिक' या शब्दाच्या आडोशाने मागितलेली वर्गणी पुष्कळदा फीच्या व्याख्येतून सहज निसटते. कायदा दाराशी पहारा करू शकतो. घरातील पंगतीत भेदभाव न करणे हे घरच्या माणसांचेच काम आहे.

"मग शाळेने पैसा आणावा कोठून?" असा प्रश्न मुख्याध्यापक विचारतील, व तो रास्त आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देते, पण खडू, वीज, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांसाठी मिळणारे वेतनेतर अनुदान तुटपुंजे असते. म्हणून आमच्या सूचना अशा आहेत, की ज्यांना सरकारच्या हुकमाची वाट पाहावी लागू नये.

पहिली सूचना अशी की, उपक्रमासाठी मुलामागे वर्गणी न ठरविता वर्गामागे खर्च ठरवावा. उदाहरणादाखल, पन्नास मुलांच्या वर्गास सहलीसाठी दर डोई सहाशे, म्हणजे एकूण तीस हजार रुपये लागतात असे धरू. त्यांपैकी आठ मुलांना काहीच देता आले नाही तर तूट चार हजार आठशेची. ती उरलेल्या बेचाळीस घरांवर वाटली तर प्रत्येकी एकशे पंधरा रुपयेही पडत नाहीत. आणि हेही ज्यांना जड वाटेल त्यांनी तीच सहल थोडी जवळची काढावी. दूरच्या ठिकाणी बेचाळीस मुले जाण्यापेक्षा जवळच्या धरणावर, तेलाच्या घाण्यावर, छापखान्यात किंवा तालुक्याच्या गढीवर पन्नासच्या पन्नास मुले गेली, तर शिक्षण कमी होत नाही. उलट एक धडा अधिक मिळतो.

दुसरी सूचना, माजी विद्यार्थ्यांचा कायम निधी. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला कमान उभारण्यासाठी लाखो रुपये जमतात. त्याच हाताने दरसाल थोडे थोडे मागितले तर वर्गातील एकही मूल मागे राहणार नाही. कमानीखालून एकदाच मिरवणूक जाते, निधीतून मुले दरवर्षी जातात. तिसरी सूचना, कोणी किती दिले हे वर्गशिक्षकालाही कळू नये. पैसा पालक-शिक्षक संघाकडे बंद पाकिटात किंवा बँकेत जावा. मदत मागावयास मुलाला अर्ज करावा लागू नये, कारण गरिबीचा दाखला मागून दिलेली सहल ही सहल नसून भिक्षा होते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना हिशेबाची. किती जमले, कशावर खर्च झाले, किती उरले, हे शाळेच्या फलकावर सर्वांस वाचता येईल अशा अक्षरांत लावावे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेने हिशेब तपासून घेतलाच पाहिजे असे कायदा सांगतो. पण तपासनिसाच्या कपाटातील हिशेब वेगळा आणि पालकांच्या डोळ्यांपुढचा वेगळा. ज्या शाळेचा हिशेब उघडा असतो तिच्या झोळीत लोक दुसऱ्या वर्षी न मागता टाकतात.

एवढे सर्व एका वर्षात होणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून या वर्षापुरती एकच लहान गोष्ट आम्ही मागतो. स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक वार्षिक अहवाल वाचतात, व त्यात किती मुलांना पारितोषिके मिळाली, किती सहली निघाल्या, याचे आकडे असतात. त्या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा वाचावा: पैशाअभावी किती मुले मागे राहिली. नावे नकोत, केवळ संख्या. पाहुण्यांपुढे, पालकांपुढे, व्यवस्थापक मंडळापुढे ती संख्या एकदा मोठ्याने वाचली गेली, की पुढच्या वर्षी ती कमी करण्याची लाज सर्वांनाच वाटू लागेल. आणि ज्या शाळेचे मुख्याध्यापक "एकही नाही" असे खरेपणाने सांगू शकतील, त्यांच्या शाळेचा दहावीचा निकाल कितीही लागलेला असो, आमच्या मते ती त्या गावातील पहिल्या क्रमांकाची शाळा होय.